शाईपेन: कसे भरायचे, का अडते, का गळते

शाईपेनात दोन गोष्टी सतत जागा बदलत असतात. शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर चढते. ही अदलाबदल निबेखालच्या काळ्या जिभेत, म्हणजे फीडमध्ये होते. फीडला एक बारीक खाच असते, तिच्यातून शाई निबेच्या चिरेपर्यंत येते आणि हवा टाकीकडे जाते. हवा आत जाऊ शकली नाही तर पेन चार ओळींत कोरडे पडते. आतली हवा तापून फुगली तर कागदावर डाग पडतो. फीडच्या बाजूला कंगव्यासारखे जे दाते दिसतात ते शोभेचे नसतात. अचानक जास्त आलेली शाई धरून ठेवणे हे त्यांचे काम.

लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतले ते याच खाचांचे. करार करताना पेनातून शाई सांडली, गिऱ्हाईक हातचे गेले आणि त्यातून शोध लागला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती जाहिरातीतली समजून सोडून द्यावी. फीडची रचना मात्र खरी, आणि आजचे प्रत्येक शाईपेन तिच्यावरच चालते. पार्कर यांची १८९४ची ‘लकी कर्व्ह’ रचना त्यापुढची. पेन खिशात उभे असताना फीडमध्ये अडकलेली शाई टाकीत परत जावी म्हणून फीडचे मागचे टोक वाकवून टाकीच्या भिंतीला टेकवले होते. शाई मागे गेली की अंगाच्या उबेने फुगणाऱ्या हवेला टोपणात ढकलायला काही उरत नाही.

म्हणून नवे किंवा जुने पेन हाती आले की आधी नाव वाचू नका, सोने किती ते पाहू नका. त्यात शाई कशी भरतात ते शोधा. पेन कुठे बिघडेल हे त्यावरूनच कळते.

ड्रॉपरने भरायचे पेन

सगळ्यांत जुनी आणि सोपी रीत. पकडीचा भाग आट्यांवरून उघडायचा, पोकळ दांड्यात ड्रॉपरने शाई घालायची, बंद करायचे. पिशवी नाही, पिस्टन नाही. २ ते ४ मिलिलिटर शाई सहज मावते. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांपासून (१९३२) आजच्या तैवानी ओपस ८८पर्यंत ही रीत टिकून आहे.

भरण्याआधी आट्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. तिळाएवढे ग्रीस पुरते. जास्त लावले तर ते फीडकडे सरकते आणि शाईचा मार्ग अडवते. व्हॅसलीन वापरू नका, ते रबरी वॉशर खराब करते. शाई आट्यांच्या खाली ५ मिलिमीटर ठेवा. दांडा आतून धातूचा असेल तर त्यात थेट शाई घालणे टाळा, कारण धातू गंजतो.

या पेनांची खोड प्रसिद्ध आहे: शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की लिहिता लिहिता थेंब पडतो. आता टाकीत हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला पुढे रेटते. यावर वॉशर बदलून उपयोग नाही. शाई अर्ध्यावर आली की पुन्हा भरा, एवढाच उपाय. जपानी पद्धतीच्या ड्रॉपर पेनांत आणि ओपस ८८मध्ये मागच्या टोकाला एक गोल घुंडी असते. ती आवळली की आतली दांडी टाकी आणि फीड यांच्यामधली वाट बंद करते. प्रवासात ती बंद ठेवावी. लिहिताना मात्र दोन-तीन मिलिमीटर सैल करावी लागते. पान-दोन पानांनंतर असे पेन आटले तर निबेला दोष देण्याआधी घुंडी तपासा.

इबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, हे या पेनांचे आवडते साहित्य. हाताला उबदार लागते, शाई त्यावर छान पसरते. पण ऊन आणि पाणी लागले की काळे इबोनाइट तपकिरी पडते. असे पेन पाण्यात भिजत ठेवू नका.

रबरी पिशवीची पेने

दांड्यात रबरी पिशवी, ती दाबली की हवा बाहेर, सोडली की शाई आत. फरक फक्त दाबायचे कसे यात. ओहायोतल्या टोलेडोच्या कॉंकलिन कंपनीने दांड्यातून वर आलेली चंद्रकोर दाबायची सोय केली, त्यामुळे पेन टेबलावरून घरंगळतही नसे. आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचे जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली दांड्याच्या बाजूला खटका बसवला आणि मग पुढची काही दशके जवळपास सगळ्या जगाने त्याची नक्कल केली. पार्कर ड्युओफोल्डमध्ये (१९२१) मागची छोटी टोपी काढून बटण दाबायचे असते.

भरताना निब पूर्ण बुडवा, खटका सावकाश उचला, सावकाश खाली आणा आणि मग निब लगेच बाहेर न काढता दहा सेकंद थांबा. रबर फुगायला वेळ लागतो. घाईत पेन बाहेर काढणारे निम्मी हवा भरून घेतात आणि मग पेन लवकर संपते म्हणून कुरकुरतात.

जुन्या पेनात पिशवी बहुधा कडक होऊन तुकडे झालेली असते. खटका हलत नसेल तर जोर लावू नका. कडक पिशवीवर खटका रेटला की तोच तुटतो, आणि खटका मिळवणे पिशवी मिळवण्यापेक्षा फार कठीण. पिशवी बदलण्याची रीत अशी:

१. पकडीचा जोड केस वाळवायच्या ड्रायरने हळूहळू गरम करा. हाताला चटका बसेल इतके तापवू नका. ज्योत अजिबात नको: जुने सेल्युलॉइड नायट्रेटचे असते आणि भसकन पेटते.
२. पकड थोडी डावी-उजवी फिरवत सरळ बाहेर ओढा. हलली नाही तर पुन्हा ऊब द्या. जोर वाढवू नका.
३. दांड्यातले जुन्या रबराचे तुकडे झटकून काढा, पकडीच्या मागच्या बोंडावरची जुनी लाख खरवडा.
४. पिशवीचा क्रमांक म्हणजे तिचा व्यास, एका इंचाच्या ६४व्या भागांत. १६ क्रमांक म्हणजे पाव इंच, साधारण ६.३५ मिलिमीटर. दांड्यात सैलसर जाईल ती घ्या. घट्ट बसणारी पिशवी दाबली गेल्यावर पुरती फुगत नाही.
५. लांबी अशी कापा की पिशवीचे टोक दांड्याच्या तळाला टेकणार नाही, तीनेक मिलिमीटर जागा राहील.
६. बोंडावर लाखेचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या) पातळ थर द्या, पिशवी चढवा, रात्रभर सुकू द्या. झटपट चिकटणारा गोंद कधीही नको, पुढच्या वेळी बोंडच तुटून येईल.
७. पिशवीला बिनवासाची शुद्ध टाल्क पावडर चोळा, पेन जोडा, आणि आधी साध्या पाण्याने दोनदा भरून पाहा.

फिकट रंगाच्या सेल्युलॉइड पेनाचा दांडा पिशवीपाशी काळपट, तपकिरी दिसतो तो शाईने नव्हे. पिशवीच्या लॅटेक्समधून, म्हणजे नैसर्गिक रबरातून, सुटणाऱ्या गंधकाच्या वाफेने तो रंग बदलतो आणि परत येत नाही. अशा पेनात सिलिकॉनची पिशवी घालावी.

पार्कर ५१ (१९४१) हे याच घराण्यातले, पण वेगळ्या वळणाचे. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे शाई टोकावर सुकत नाही. सुरुवातीच्या ५१मध्ये व्हॅक्युमॅटिक पद्धत होती: मागची टोपी काढायची आणि दट्ट्या दहा वेळा सावकाश दाबायचा. प्रत्येक दाबाला आतला रबरी पडदा थोडी हवा बाहेर टाकतो आणि थोडी शाई आत घेतो. १९४८पासून धातूच्या नळीत पारदर्शक पिशवी आणि वर दाबायची पट्टी आली. ती पिशवी लॅटेक्सची नसल्यामुळे आजही बहुतेकदा शाबूत सापडते. पट्टी चार-पाच वेळा दाबा, प्रत्येक वेळी थोडे थांबा. जुने पेन विकत घेताना कोणते घ्यावे असे विचारले तर हे पहिले नाव. भिजवून स्वच्छ केले की बरेचसे नमुने इतर काही न करता लिहू लागतात.

पिस्टन

१९२९ साली हॅनोव्हरच्या पेलिकनने थिओडोर कोवाच यांच्या पेटंटवर पिस्टनचे पेन काढले. त्यातली खुबी म्हणजे वेगवेगळ्या अंतराचे दोन आटे. मागची घुंडी थोडीच सरकते, पण आतला पिस्टन दांडाभर प्रवास करतो. मोंब्लांचे १४९ (१९५२) आणि गेर्ड मुलर यांनी घडवलेले लॅमी २००० (१९६६) ही याच पद्धतीची. तैवानच्या ट्विस्बीने पारदर्शक दांडे आणि पेटीत पाना देऊन पिस्टन उघडणे कोणालाही जमेल इतके सोपे केले.

भरताना निबेसोबत पकडीची कडही किंचित बुडवा. निब अर्धी बुडाली की फीडमधून हवा ओढली जाते आणि टाकी अर्धीच भरते. भरून झाल्यावर निब शाईबाहेर काढा, घुंडी उलटी फिरवून तीन-चार थेंब बाटलीत सोडा, मग निब वर धरून घुंडी पूर्ण बंद करा. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, म्हणून पहिल्या ओळीतच गिचका होतो. भरताना फीडचे सगळे दाते तुडुंब झालेले असतात. तीन-चार थेंब सोडल्याने त्यांत हवेला जागा होते.

पिस्टन जड झाला की ग्रीस हवे. पेलिकनची निब फीडसकट आट्यांवरून निघते. निब काढा, पिस्टन पूर्ण मागे घ्या, टूथपिकच्या टोकावर किंचित सिलिकॉन ग्रीस घेऊन दांड्याच्या आतल्या भिंतीला लावा आणि पिस्टन दहा वेळा वर-खाली करा. छोट्या पेलिकनचा पिस्टन मागून दाबून बसवलेला असतो, तो उपसायला जाऊ नका. मोंब्लांची निब हाताने फिरवून काढायची नसते, तिला खास हत्यार लागते.

व्हॅक्यूम दट्ट्या हा पिस्टनचा चुलतभाऊ दिसतो, पण काम उलटे करतो. लंडनच्या डी ला रू कंपनीचे ओनोटो (१९०५) त्यातले पहिले गाजलेले पेन, आज पायलटचे कस्टम ८२३ त्याच वाटेवर आहे. दांडी पूर्ण मागे ओढायची, निब बुडवायची आणि दांडी एका झटक्यात आत ढकलायची. दट्ट्यामागे निर्वात पोकळी तयार होते. तो दांड्याच्या रुंद भागात पोहोचला की अडवणूक संपते आणि शाई एकदम आत उसळते. हळू ढकलल्यास काहीच होत नाही. बाटलीत शाई कमी असेल तर तेच: निब उघडी राहते, हवा शिरते. कस्टम ८२३लाही जपानी ड्रॉपर पेनासारखी, फीडची वाट बंद करणारी झडप आहे, म्हणून लांब लेखनाआधी मागची घुंडी सैल करायला विसरू नका.

काडतूस आणि कन्व्हर्टर

वॉटरमनने १९५३च्या सी/एफ पेनातून प्लास्टिकचे काडतूस, म्हणजे शाईने भरलेली बंद नळी, लोकप्रिय केले. मानक छोट्या काडतुसात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते, कन्व्हर्टरमध्येही, म्हणजे काडतुसाच्या जागी बसणाऱ्या आणि बाटलीतून भरायच्या छोट्या टाकीतही, बहुधा तेवढी किंवा थोडी कमी. पायलट, सेलर, प्लॅटिनम, लॅमी आणि पार्कर यांची तोंडे आपापली वेगळी असतात. एकाचे काडतूस दुसऱ्यात बळेच बसवले तर आतला बोंडाचा भाग चिरतो आणि मग पेन आयुष्यभर पकडीतून पाझरते.

नवे काडतूस बसवल्यावर निब खाली करून पाच मिनिटे पेन उभे ठेवा. तरी शाई येत नसेल तर काडतूस एकदा हलके दाबा. पेन झटकू नका.

कन्व्हर्टरचा खास आजार म्हणजे शाई मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पुढे हवेचा बुडबुडा राहतो. शाई दिसते आहे पण पेन लिहीत नाही, असे झाले की हेच समजा. शाईचा पृष्ठताण तिला मागे धरून ठेवतो. आत गंज न धरणाऱ्या पोलादाची बारीक गोळी टाका. पेन हलताच ती बुडबुडा फोडते. काही कन्व्हर्टरमध्ये अशी गोळी किंवा कडी आधीच असते.

रोजच्या दगदगीला काडतूस-कन्व्हर्टरचेच पेन बरे. बिघडले तर कन्व्हर्टर फेकून दुसरा लावता येतो. पायलट कॅपलेस (१९६३) याच पद्धतीवर आहे. त्यात बटण दाबले की निब बाहेर येते आणि परत घेतली की छोटे दार मागे बंद होते.

निब

कागदाला सोने लागत नाही. लागतो तो टोकावर जोडलेला कठीण धातूचा मणी, ऑस्मियम किंवा रुथेनियमसारख्या धातूंच्या मिश्रणाचा. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरलेले असले तरी आज त्यात इरिडियम क्वचितच असते. निब १४ कॅरेटची असेल तर ५८५, १८ची असेल तर ७५० असा आकडा दिसतो. सेलर २१ कॅरेटचीही करते. सोन्याचा खरा फायदा म्हणजे आम्ल शाईने ते गंजत नाही. लवचीकपणा मात्र जाडी आणि आकारावर ठरतो, आणि आजच्या बऱ्याच सोन्याच्या निबा पोलादाइतक्याच ताठ असतात. शिवाय असंख्य कंपन्या स्वतः निब बनवतच नाहीत: जर्मनीतल्या बॉक आणि योवो या दोन कारखान्यांतून घेतात. तीच पोलादी निब साध्या पेनावरही असते आणि चमकदार पेनावरही. दांड्याचे पैसे द्यायचे तर खुशाल द्यावेत, पण ते निबेचे समजू नयेत.

जाडीचा हिशेब देशागणिक बदलतो. जपानी कंपन्यांची फाइन निब साधारण युरोपीय एक्स्ट्रा फाइनइतकी बारीक असते. देवनागरीत लहान अक्षर काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. रेघ जाड झाली की घ आणि ध, भ आणि म यांच्या गाठी भरून जातात आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. लहान अक्षराला जपानी फाइन किंवा युरोपीय एक्स्ट्रा फाइन घ्या. सहीला आणि मोठ्या अक्षराला मीडियम, ब्रॉड चालेल.

चपट्या टोकाची स्टब निब उभी रेघ जाड आणि आडवी बारीक काढते, म्हणजे काना ठळक आणि शिरोरेषा कृश. आर्किटेक्ट घडणीची निब याच्या उलट: आडवी जाड, उभी बारीक. ठसठशीत शिरोरेषा हवी असेल तर दुसरी मागा. नोबुयोशी नागाहारा यांच्या हातून सेलरकडे आलेली नागिनाता घडण आणखी वेगळी आहे. पेन आडवे धरले की रेघ जाड, उभे धरले की बारीक.

निब ओरखडत असेल तर घासायला धावू नका. आधी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ती समोरून पाहा. दोन पात्यांपैकी एक वर, एक खाली असेल तर ओरखडण्याचे कारण तेच. वरचे पाते नखाने हळूच खाली दाबा, सोडा, पुन्हा पाहा. असे थोडे थोडे करा, एकदम वाकवू नका. पाती सरळ झाल्यावर बहुतेक तक्रार मिटते. तरी खरखर राहिली तर १२००० क्रमांकाच्या पॉलिश कापडावर शाईसकट, शून्य दाबाने चार-पाच आठचे आकडे काढा आणि लगेच कागदावर तपासा. काढलेला धातू परत लावता येत नाही.

शाई कमी येत असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी चिरेत घालून दोन-तीनदा हलकेच वरखाली करा. अडकलेला तंतू निघतो, चीरही किंचित सैल होते. निब अगदी गुळगुळीत पण पहिली रेघ उमटतच नाही, असे असेल तर पॉलिश अती झाले आहे. चिरेच्या दोन्ही कडा गोल झाल्यामुळे शाई कागदापर्यंत पोहोचत नाही. हा दोष नव्या पेनातही येतो. दुरुस्तीसाठी मणी थोडा घासून सपाट करावा लागतो आणि ते काम जाणत्याकडेच द्यावे.

निब आणि फीड यांच्यात फट दिसत असेल आणि फीड इबोनाइटचे असेल तर निब-फीड काढून फीड गरम, उकळत्या नव्हे, पाण्यात अर्धा मिनिट धरा, निबेवर बोटांनी दाबून थंड होऊ द्या. प्लास्टिकच्या फीडला ही युक्ती चालत नाही.

शाई आणि धुणे

चित्रकलेची चायनीज किंवा इंडिया इंक शाईपेनात कधीही नको. तिच्यातली लाख फीडमध्ये दगडासारखी बसते. रंगद्रव्याच्या शाया (प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो) शाईपेनासाठीच असतात आणि पाण्याने जात नाहीत, पण रोज वापराच्या पेनातच भरा. प्लॅटिनम ब्लू-ब्लॅकसारख्या लोहयुक्त शाया कागदावर काळ्या पडून टिकतात. त्या आम्ल असतात, म्हणून पोलादी निबेत आठवड्यानुआठवडे पडू देऊ नका. पार्करनेच ५१साठी काढलेल्या सुपरक्रोम या शाईने जुन्या पेनांचे आतले भाग खाल्ले होते. तेव्हा जुन्या पेनाबरोबर जुनी बाटली मिळाली तर ती फक्त शोकेसमध्ये ठेवावी.

नव्या पेनाच्या फीडमध्ये कारखान्याचे तेल असते. पहिल्यांदा भरण्याआधी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. अर्ध्या नव्या पेनांच्या तक्रारी इथेच संपतात. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी किंवा शाई बदलताना पाणी भरून-सोडून धुवा. बाहेरचे पाणी स्वच्छ दिसले म्हणजे झाले असे नाही. निब टिश्यूवर टेकवा. रंग उतरत नसेल तेव्हाच थांबा. हट्टी वाळलेल्या शाईसाठी एक भाग साधा अमोनिया आणि नऊ भाग पाणी, पंधरा मिनिटे, मग भरपूर पाणी. पितळ उघडे असेल तिथे हे मिश्रण नको. धुण्यासाठी स्पिरिट तर कुठेच नको, सेल्युलॉइड आणि ॲक्रिलिक दोन्ही त्याने खराब होतात.

रोज सकाळी पेन पहिल्या अक्षराला अडत असेल तर बहुधा निब निर्दोष असते आणि टोपणातून हवा जात असते. टोपण ओठांना लावून फुंकून पाहा. हवा निसटली तर शाईतले पाणी रात्रभर उडून जाते आणि उरलेली घट्ट शाई चिरेत अडते. प्लॅटिनमने २०११च्या ३७७६ सेंच्युरीत टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसणारी दुसरी टोपी घातली ती यासाठीच. दोन वर्षे शाई सुकत नाही असा कंपनीचा दावा आहे. टोपण तडकले असेल तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

विमानात पेन एकतर काठोकाठ भरून न्या किंवा अगदी रिकामे, आणि निब वर ठेवा. केबिनमधला दाब उतरला की टाकीतली हवा फुगते. अर्धे भरलेले पेन सर्वांत जास्त सांडते. महिनाभर वापरणार नसाल तर शाई काढून, धुऊन, टिश्यूत निब खाली करून एक दिवस निथळू द्या. कॉनवे स्टुअर्टची केसीनची जुनी पेने यातून वगळा. केसीन दुधातल्या प्रथिनापासून बनते आणि पाण्यात फुगून मऊ पडते, म्हणून त्यांची निब तेवढी ओल्या कापडाने पुसा आणि पकड वेगळी करून तिच्यातूनच पाणी सोडा.